चोपणात गांडूळ आलं त्या वर्षी

काल दुपारी वारा गोदाकाठच्या गंगथडीच्या बाजूनं फिरला आणि त्याच्याबरोबर मेंढरांचा वास आला. लोकरीचा, मुताचा, वाळल्या लेंड्यांचा उग्र, उबट वास. रोहिणी निघालेल्या, रानं उघडी पडलेली, अशा दिवसांत हा वास आला की आमच्या गावातली माणसं हरखतात. ज्याच्या रानात मेंढरं बसतील त्याचं पुढचं पीक अर्धं घरात आल्यासारखंच. माझं मात्र उलटं आहे. मला तो वास आला की घास गिळवत नाही. भावजय म्हणते, "अक्का, तुमाला उन्हाळा बाधतुया." मी म्हणते, हो, बाधतोय. तिला तरी काय काय सांगू?

मी ह्याच गावची लेक. नवरा बीडच्या तहसिलीत मुहर्रिर, म्हणजे कारकून होता. त्यानं मला हौसेनं लिहायला-वाचायला शिकवलं आणि एका तापात निघून गेला. मी पेटी उचलून माहेरी आले ती इथलीच झाले. थोरल्या भावानं, आबानं, मला घरात घेतलं. वाईट नाही तो. पण भावाच्या घरी राहणाऱ्या बहिणीला भाकरी वाढताना टोपलीत बघून वाढतात, हे ज्या राहिल्या आहेत त्यांनाच माहीत. मी जन्माची फटकळ. एक दिवस जेवता जेवता बोलून गेले, "मला माझा एक तुकडा दे, मग तुझ्या टोपलीत बघायला नको." आबानं घास खाली ठेवला आणि म्हणाला, "घे. वढ्याकाठचं चोपण घे, तुझ्या चोळीबांगडीला."

बांगड्या माझ्या बीडलाच फुटल्या होत्या. पण लेकीला दिलेल्या जमिनीला आमच्याकडं चोळीबांगडीचीच म्हणतात, त्याला आबा तरी काय करणार! गाव हसलं. "चोपणात चोळी पिकती व्हय?" असं पारावरून मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं बोललं गेलं. चोपण म्हणजे पावसात लोण्यासारखी चिकट होणारी आणि उन्हात वर खारट पांढरी पापडी धरणारी जमीन. पाणी पीत नाही, नांगर धरत नाही. सरकारी जमाबंदीत ती 'नाकाबिल', म्हणजे बिनकामाची, म्हणूनच लागलेली. पाहणीला येणारे गिरदावर साहेब घोड्यावरून खाली न उतरताच पुढं जायचे.

मी उतरले. उतरण्यावाचून मला गत्यंतरच नव्हतं. तो तुकडा पिकला तर माझी भाकरी माझी, नाही पिकला तर जन्मभर दुसऱ्याच्या टोपलीकडं बघायचं.

आमच्या घरात माती उघडायची रीत आहे. कोणी सुरू केली माहीत नाही, आईला तिच्या सासूनं दाखवली आणि आईनं मला. रानात मेंढरं बसली की एका कोपऱ्यात रोज घागरभर पाणी ओतायचं, वर भिजलेलं गोणपाट टाकायचं, कडेला दगड ठेवायचे. सकाळी गोणपाट उचलून खाली काय आलंय ते बघायचं. गांडूळ आलं तर उत्तम. शेणकिडे लेंड्या ओढून खाली नेत असले तर तेही चांगलं, घरात कामाच्या बायका आल्यासारखं. मुळं खाणारी हुमणी दिसली तर चिमण्यांना उघडून द्यायची. वाळवीच वाळवी असेल तर समजायचं, मातीला खायला काही उरलेलं नाही, ती धसकटंच खातेय. मग मूठभर माती उचलून हुंगायची. जिवंत मातीचा वास वेगळा असतो. कोणाला सांगून कळत नाही, नाक त्यात घालावंच लागतं. आबाच्या मोठ्या रानाची माती मी लहानपणापासून हुंगत आले. तो चिडवायचा, "बाकीच्या पोरी गजरा हुंगत्यात, आमची ही ढेकूळ हुंगती." पण पेरायच्या आधी मलाच विचारायचा.

माझ्या चोपणाला मात्र वासच नव्हता. पहिली दोन-तीन वर्षं मी गोणपाट उचललं की खाली नुसती ओली राख असल्यासारखी माती. एक मुंगी नाही. शेजारच्या बांधावर मुंग्यांची वारुळं आणि माझ्यात एक येईना! मला तिचा राग यायचा. माणसांवर रागवावं तसा मी त्या जमिनीवर रागवायचे, लाथ मारायचे, आणि पायाला लागलं की स्वतःवर चिडायचे.

मेंढरं धुळाजीची. धुळाजी धनगर दरवर्षी गंगथडीहून निघायचा आणि मृगाच्या आत बालाघाटाच्या माळावर चढायचा. काळ्या रानात मेंढराला पाऊस सोसत नाही. खूर रुततात, कुजतात, कोकरं गारठतात; माळाचा मुरूम बरा. त्यामुळं वाटेत ज्यांच्या रानात बसायचं ते बसून, पावसाच्या आधी वर जायचं, हे त्यांचं वर्षाचं गणित. आमच्या गावात तो आबाच्या रानात बसायचा. माझ्याकडं कशाला येईल? चोपणात कुसळसुद्धा नव्हतं.

त्या वर्षी मी त्याला विहिरीवर गाठलं. म्हटलं, "धुळाजीदादा, सख्ख्या भावानं मला चोपण दिलं. तू लेंड्या तरी दे."

तो इतका हसला की खांद्यावरची काठी खाली पडली. "बसवतो, अक्का. पर मेंढरं म्हणतील, ह्या बाईनं आमाला भाजायला आणलं."

त्यानं वाघर, म्हणजे त्यांचं जाळं, माझ्या तुकड्याभोवती लावलं आणि मेंढरं बसवली. त्याची बायको भामा हिनं माझ्या तुकड्यातल्या विहिरीजवळ कोकरांसाठी वेगळा कोंडाळा केला. त्यात तिच्या स्वतःच्या मेंढ्यांची कोकरं होती. लग्नात बापानं तिला आंदण दिलेल्या चार मेंढ्यांचं ते वाढलेलं गोत. त्यांच्या कानाला तिनं लाल चिंधी बांधलेली, धुळाजीच्या मेंढरांत मिसळू नयेत म्हणून. "ही माझी," ती मला मिरवून सांगायची. "नवरा कसाबी निगाला तरी ही हायेत." मी म्हणायचे, "आणि माझं हे चोपण हाय." आम्ही दोघी हसायचो. त्या थोड्या दिवसांत तिच्याशी जी गट्टी जमली तशी मला सासरी ना माहेरी, कुणाशीच जमली नव्हती. दुपारी ती कोकराला मांडीवर घेऊन बाभळीखाली बसायची आणि मी तिच्या शेजारी घागर टेकवून. ती मला मेंढ्यांची नावं सांगायची, मी तिला बीडच्या बाजारातल्या गमती सांगायचे.

धुळाजी रोज सकाळी विचारायचा, "अक्का, माती काय म्हणती?" त्याला माझ्या मातीचं काय पडलं होतं? पण विचारायचा. माझ्या उघडण्यावर त्याचा विश्वास होता. मी 'बस' म्हणेन तितकं बसायचं, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

एका सकाळी तो म्हणाला, "वारं बदललं. उद्या निघावं म्हणतो. बग तुझी माती काय म्हणती." मी गेले, गोणपाट उचललं आणि मटकन खाली बसले. गांडूळ होतं. एक नव्हे, वळवळणारा झुपकाच होता, ओल्या मातीत डोकी खुपसत, गुलाबी, जिवंत. चोपणात! मी एक उचलून तळहातावर घेतलं. डोळ्यांत पाणी आलं. किती वर्षं मी त्या मातीशी भांडत होते, आणि आता ती माझ्याशी बोलायला लागली, असं मला वाटलं.

आणि त्याच गोणपाटाच्या कडेनं मुंग्या चालल्या होत्या. तोंडात पांढरी अंडी धरून, ओळीनं, खालून वर, बांधाच्या बाभळीकडं. ह्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. मुंगी अंडी उचलते म्हणजे पाऊस जवळ आला. गांडूळसुद्धा त्यासाठीच वर आलं असेल, मेंढरांनी खत दिलं म्हणून नव्हे, हेही माझ्या मनात आलं. आलं, आणि मी ते ढकलून दिलं. मला गांडूळच बघायचं होतं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मला अक्कल होती, ती मी बाजूला ठेवली.

गोणपाट पुन्हा झाकलं, दगड ठेवले आणि धुळाजीला जाऊन सांगितलं, "दादा, माती आत्ताशी जागी होतीया. अजून दोन रात्री बस."

"बसतो की," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कलत्या उन्हात आभाळ भरून आलं आणि पाऊस कोसळला. वळीव होता, घटकाभर कोसळून थांबेल म्हणून सगळे उभे राहिले, तो थांबलाच नाही. मोठी मेंढरं धुळाजीनं आणि आबाच्या गड्यांनी हाकून बांधावर काढली. विहिरीजवळचा कोंडाळा सगळ्यांत खोल जागी. तिथली माती बघता बघता लापशीसारखी झाली. कोकरं पोटापर्यंत रुतली. भामा आत शिरली तर तिचाच पाय निघेना. मी गेले, मीही रुतले. एक कोकरू आम्ही दोघींनी ओढून काढलं, ते माझ्या पदरात थरथरलं आणि गप झालं. लाल चिंध्यांवाली बहुतेक सगळी गेली. भामा ओरडली नाही. ती एकेकाच्या तोंडातला चिखल बोटानं काढत राहिली. त्यांच्या मागं त्यांच्या आयाही गारठून आजारी पडल्या आणि माळावर पोचेपर्यंत त्यातल्याही काही गेल्या, हे मला नंतर कळलं.

एवढी मेलेली जनावरं चिखलातून न्यायची कुठं? आबानं तिथंच खड्डा काढायला लावला. माझ्याच तुकड्यात. मीही खोरं घेतलं.

पुढच्या हिवाळ्यात शाळू आला. चोपणात, पहिल्यांदा. सगळ्या तुकड्यात छातीला, आणि विहिरीजवळच्या त्या जागी डोक्याच्या वर. कणसं भरून वाकलेली. माणसं बघायला आली. ज्या पारावर चोळी पिकते का म्हणून हसले होते तिथलेच, "अक्कानं चोपणाचं सोनं केलं," म्हणायला लागले. गिरदावर साहेब त्या वर्षी घोड्यावरून उतरले, ढेकूळ फोडून बघितलं, "वाह बाई" म्हणाले. हुरडा मीच भाजला. मीही खाल्ला. खोटं कशाला बोलू, गोड लागला. खाताना गोड लागला आणि नंतर गोठ्यामागं जाऊन बसले, कुणी आलं तर काय झालं म्हणून सांगायचं, हे ठरवत.

मी त्या जागेची माती उघडून बघितली आहे, दरवर्षी. मातीला कुणाचं काय, हे कळत नाही. शेणकिडा लेंडी ओढतो तसंच ती सगळं ओढून आत नेते, आणि वर ज्वारी येते. मातीवर मला राग नाही. पण कधी कधी गांडूळ हातात घेतलं की वाटतं, ह्याला मी एवढ्या लाडानं का बघते, ह्याच्यापायी तर मी डोळे मिटले होते.

पुढच्या रोहिणीला धुळाजी आला, आणि मी न विचारता सरळ माझ्या तुकड्यात बसला. मला वाटलं होतं तो ह्या गावाचं तोंड बघणार नाही. मी विहिरीवर त्याला सगळं सांगितलं. मुंग्या, अंडी, मी गोणपाट झाकलं, सगळं. पोटात ठेवून मला जगता येत नव्हतं.

तो पाणी पीत होता. घोट गिळून म्हणाला, "मला बी आभाळ दिसत व्हतंच की. मी काय आंधळा हाय?"

"पण माती काय म्हणती म्हणून तू मला विचारलंस. आन् मी लबाडी केली."

"लबाडी न्हाई, आस व्हती. आमाला बी अस्ती." मग काठी उचलून, "झालं गेलं, अक्का. पुन्हा तोंडातनं काढू नगं."

मी नाही काढलं. बरं वाटलं मला, किती हलकं वाटलं म्हणून सांगू! बायकोला तो सांगेलच, असं मी धरून चालले. नवराबायकोत असं काय झाकून राहतं?

भामा मात्र त्या वर्षापासून माझ्या दारात आली नाही. रानातसुद्धा आली नाही. मेंढरं माझ्या तुकड्यात बसायची आणि ती बांधावरच्या बाभळीखाली, पलीकडं तोंड करून, आपली भाकरी सोडायची. मी एकदा कालवण पाठवलं, ते जसंच्या तसं परत आलं. मी म्हटलं, बरोबर आहे. मी तिच्या जागी असते तर चार शिव्या हासडल्या असत्या. ती तर नुसतीच तोंड फिरवून बसते. तिचं न बोलणं हीच माझी शिक्षा, असं मी मनाशी ठरवलं, आणि खरं सांगते, त्यात थोडं समाधानही होतं. शिक्षा चालू आहे म्हणजे हिशेब फिटतोय असं वाटायचं.

आणि मी दुसरं एक करायला लागले. धुळाजीला एका रात्रीच्या वर बसू देईना. आभाळ निरभ्र असो, माती कोरडी ठक्क असो, "जा, वर जा." तो हसायचा आणि जायचा. एका रात्रीच्या लेंड्यांनी चोपणाचं काय होणार? गेली काही वर्षं गोणपाटाखाली गांडूळ कमी कमी होत चाललंय. पांढरी पापडी पुन्हा कडेनं दिसायला लागलीय. यंदाचा शाळू कंबरेलाही लागला नाही. आबा म्हणतो, "तुझी माती उपाशी हाय, अक्का, मेंढरं बसव." मी ऐकत नाही. माझी भाकरी जाईल तर जाऊ दे, असं मी मनात म्हणते, आणि पुन्हा ती टोपली आठवते.

धुळाजी दिवाळीनंतर गेला. शिरूरच्या बाजारात कुणीतरी सांगितलं. मी तिथंच भाजीच्या पाटीशी बसले.

आज सकाळी भामा आली. एकटीच पुढं, मेंढरं मागून दिराची माणसं आणत होती. पांढरं कपाळ, हातात त्याचीच काठी. इतक्या वर्षांनी ती चोपणाच्या बांधावर माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "अक्का, सांग. किती रात्री बसवू?"

"एक बी नगं. आजच वर जा."

"कावून? आभाळात टिपूस न्हाई."

"नगं म्हणते ना मी."

"दर साली तुझं ह्येच." तिचा आवाज चढला. "त्यो व्हता तवर मी गप बसले. माझी मेंढरं तुझ्या मातीला वंगाळ झाली का?"

"भामा, तुला ठावं असून असं बोलतीस?"

"काय ठावं हाय?"

मी तिच्याकडं बघत राहिले. तिच्या तोंडावर खरोखरच काही नव्हतं. मग मी सांगितलं. दुसऱ्यांदा, त्याच रानात. मुंग्या, अंडी, झाकलेलं गोणपाट, अजून दोन रात्री.

तिनं मागं वळून येणाऱ्या मेंढरांकडं बघितलं. मग हळू म्हणाली, "त्यो तर म्हणला, अक्का आदल्या दिशीच सांगत व्हती, पाऊस येतुया, निघा. आन् मीच हट्टानं ऱ्हायलो."

"त्यानं असं सांगितलं?"

"म्हणून तर मी तुझ्या दारात आले न्हाई. कोणत्या तोंडानं येऊ? तुझं आयकलं न्हाई, आन् वर तुझ्याच रानात मढी गाडली आमी." तिनं काठी घट्ट धरली. "आन् त्याला मी सोडलं न्हाई गं. भांडण कशाचंबी असू दे, शेवटी कोकरांवर यायचे. तुझ्यापायी माझं समदं गेलं, म्हणायचे. त्यो गप ऐकायचा. पार शेवटच्या दुखण्यात पाणी पाजतानी बी बोलले."

मागून मेंढरं येत होती, त्यांचा धुरळा बांधापर्यंत आला. भामा खाली बसली, चोपणातच.

"त्यानं अंगावर घेतलं," ती म्हणाली, "आन् तू घेऊ दिलंस."

मला ठाऊकच नव्हतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. ते खरंही होतं. पण बांधावरची ती बाभळ माझ्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर आहे. दरवर्षी ती तिथं तोंड फिरवून भाकरी खायची, आणि तू का बोलत नाहीस, एवढं विचारायलासुद्धा मी एकदाही तिच्याजवळ जाऊन बसले नव्हते.